नोंद, प्रमाण आणि अनुमान : शिफारस-प्रणाली व कार्यप्रक्रिया-प्रतिमान यांच्या संशोधनपद्धतींचा इतिहास

१. विषयोपन्यास

साधनांवांचून इतिहास नाहीं आणि चिकित्सेवांचून साधन नाहीं, हें राजवाडे यांच्या काळापासून आपल्याकडील संशोधकांस मान्य झालेलें सूत्र आहे. सन १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षां समकालीन अस्सल पत्रास अधिक प्रामाण्य द्यावें, हा दंडक तेव्हांपासून आपण पाळीत आलों आहों.

त्यानंतरच्या सव्वाशें वर्षांत दप्तर या वस्तूचें रूपच पालटलें. पूर्वीं रुमालांत बांधलेले कागद असत. आतां संगणकाच्या कोठारांत सांठलेल्या नोंदी आहेत. कोणीं कोणतें पुस्तक विकत घेतलें, कोणास कोणता चित्रपट कितपत आवडला, कर्जाचा अर्ज कोणत्या दिवशीं कोणाच्या मेजावर आला व तेथून कोठें गेला, हें सर्व त्या नोंदींत असतें. अशा नोंदींवरून अनुमान करणारीं दोन शास्त्रें गेल्या अर्धशतकांत उदयास आलीं. पहिल्याचा विषय शिफारस-प्रणाली, म्हणजे अमुक मनुष्यास पुढें काय रुचेल हें त्याच्या व इतरांच्या पूर्वीच्या आवडीनिवडीवरून सांगणारी गणितयुक्ति. दुसऱ्याचा विषय कार्यप्रक्रियेचें प्रतिमान, म्हणजे एखाद्या कचेरींतील काम कोणत्या क्रमानें, कोणाच्या हातून व कोणत्या अटींवर पार पडतें याचा आराखडा.

या यंत्रांचें वर्णन करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. या शास्त्रांनीं आपलें अनुमान खरें कीं खोटें हें ठरविण्यासाठीं कोणत्या पद्धति योजिल्या, त्या कोठें अपुऱ्या पडल्या आणि मग कशा सुधारल्या, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. पोथ्या व जुने कागद जमविणाऱ्यांस याचें काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर दुहेरी आहे. एक तर, ज्या व्याधींनीं आपलीं दप्तरें ग्रासलेलीं असतात त्याच व्याधि या नव्या नोंदींसही जडल्या आहेत, आणि त्यांवरील उपचार पाहण्यासारखे आहेत. दुसरें असें कीं, आपल्याच पोथ्यांच्या याद्या आतां संगणकांत जात आहेत. उद्यां कोणती पोथी अभ्यासकाच्या दृष्टीस पडावी व कोणती पडूं नये, हें ठरविण्यांत या यंत्रांचा हात असणार.

२. शिफारस-प्रणालीचा उगम

शिफारस करणें हें काम नवें नव्हे. चांगला ग्रंथपाल व जाणता पुस्तकविक्रेता तें नेहमींच करीत आला आहे. तें यंत्राकडून करून घेण्याच्या आरंभींच्या प्रयत्नांत एलेन रिच या विदुषीच्या 'ग्रंडी' नामक प्रणालीची गणना होते. तिचें वर्णन सन १९७९ मध्यें प्रसिद्ध झालें. ही प्रणाली ग्रंथपालाची भूमिका घेऊन वाचकास कांहीं प्रश्न विचारी, उत्तरांवरून त्याला ठरीव सांच्यांत बसवी व तदनुसार कादंबऱ्या सुचवी. येथें मुख्य प्रमाण होतें तें सांचे घडविणाऱ्याचें मत; वाचकवर्गाचा एकंदर व्यवहार नव्हे.

सन १९९२ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत गोल्डबर्ग, निकोल्स, ओकी व टेरी यांनीं 'टॅपेस्ट्री' ही प्रणाली सिद्ध केली. संगणकावरून येणाऱ्या टपालाचा पूर इतका वाढला होता कीं, त्यांतून उपयुक्त तेवढें निवडणें दुरापास्त झालें होतें. तेव्हां आधीं वाचणाऱ्यांनीं आपापले अभिप्राय जोडावे व मागाहून येणाऱ्यांनीं त्यांच्या आधारें निवड करावी, अशी ही योजना होती. पोथीच्या समासांत पूर्वीच्या वाचकानें केलेली टिप्पणी पाहून पुढच्यानें ती पोथी घ्यावी कीं ठेवावी हें ठरवावें, तसाच हा प्रकार. या पद्धतीस त्यांनीं 'कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग' म्हणजे सहकारानें केलेलें गाळण असें नांव दिलें.

दोनच वर्षांनीं, सन १९९४ मध्यें, मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालय व मिनेसोटा विद्यापीठ येथील रेझ्निक, रीडल प्रभृति विद्वानांनीं 'ग्रुपलेन्स' ही प्रणाली मांडली. यूझनेटवरील वार्ता वाचणाऱ्यानें प्रत्येक लेखास एक ते पांच गुण द्यावयाचे, व पूर्वीं ज्यांचे गुण आपल्याशीं जुळले त्यांच्या मतास यंत्रानें अधिक वजन द्यावयाचें, हें तिचें बीज. समजा, अ व ब या दोन वाचकांनीं दहा लेखांस जवळजवळ सारखेच गुण दिले. अकरावा लेख अ यानें वाचून वाखाणला, ब यानें अद्याप पाहिलेला नाहीं. तर तो ब यास रुचेल असें यंत्र म्हणेल. यांत अ व ब यांची ओळख असण्याचें कारण नाहीं, लेख कशाविषयीं आहे हें यंत्रास कळण्याचेंही कारण नाहीं. केवळ साहचर्यावरून केलेलें हें अनुमान आहे. सन १९९७ मध्यें रेझ्निक व व्हेरियन यांनीं या सर्व प्रकारांस 'रेकमेंडर सिस्टिम' हें व्यापक नांव सुचविलें, व तेंच रूढ झालें.

३. झांकलेल्या पाठाची परीक्षा

युक्ति निघाली म्हणजे शास्त्र झालें असें नाहीं. शास्त्रास परीक्षा लागते. या शास्त्रांत जी परीक्षा रूढ झाली ती अशी. जमलेल्या गुणांचे दोन भाग करावयाचे. एक भाग यंत्रास दाखवावयाचा व दुसरा झांकून ठेवावयाचा. मग झांकलेल्या जागीं काय गुण असतील हें यंत्रास विचारून, त्याचें उत्तर खऱ्या गुणांशीं ताडून पाहावयाचें. त्रुटित पोथींतील गळालेलीं अक्षरें तर्कानें भरावीं, आणि पुढें अखंड प्रत सांपडल्यावर आपला तर्क कितपत बरोबर होता हें पाहावें, तशी ही रीत आहे. सन १९९८ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधनशाळेंतील ब्रीझ, हेकरमन व कॅडी यांनीं निरनिराळ्या युक्ति एकाच सामग्रीवर अशा रीतीनें शेजारीं शेजारीं तपासल्या, आणि तुलनात्मक परीक्षेचा पाया घातला.

परीक्षा सामान्य होण्यास सामग्रीही सर्वांस खुली असावी लागते. मिनेसोटा येथें सन १९९७ मध्यें सुरू झालेल्या 'मूव्हीलेन्स' या उपक्रमांतून अशी सामग्री मिळाली. तिचा पहिला सुप्रसिद्ध संच म्हणजे ९४३ व्यक्तींनीं १,६८२ चित्रपटांस दिलेले १,००,००० गुण. या संचाचा उपयोग जगभर झाला. परंतु त्याच्या प्रस्तावनेंतील एक ओळ अनेकांनीं नजरेआड केली : ज्यांनीं वीसांपेक्षां कमी चित्रपटांस गुण दिले होते त्यांस संचांतून वगळलें होतें. म्हणजे हा संच प्रेक्षकांचा नव्हे, हौशी प्रेक्षकांचा. केवळ सुवाच्य पत्रें छापून त्यांवरून सर्व दप्तराचें स्वरूप ठरवावें, तशांतलाच हा प्रकार होय.

या रीतीची सर्वांत मोठी परीक्षा नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीनें घेतली. ता. २ ऑक्टोबर १९०६ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, सन २००६ मध्यें त्याच तारखेस तिनें दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें. ४,८०,१८९ ग्राहकांनीं १७,७७० चित्रपटांस दिलेले १०,०४,८०,५०७ गुण तिनें स्पर्धकांच्या हवालीं केले, आणि आणखी २८,१७,१३१ गुण झांकून ठेविले. कंपनीच्या स्वतःच्या यंत्राची जी चूक होती तींत शेंकडा दहा घट करील त्यास बक्षीस, अशी अट होती. चूक मोजण्याची रीत अशी कीं, प्रत्येक अनुमानांतील फरकाचा वर्ग करावयाचा, सर्व वर्गांची सरासरी घ्यावयाची आणि तिचें वर्गमूळ काढावयाचें. यामुळें मोठ्या चुकीस अधिक दंड बसतो.

झांकलेल्या गुणांचेही दोन अर्ध केले होते. एकावरील निकाल स्पर्धकांस वेळोवेळीं कळे. दुसऱ्यावरील शेवटपर्यंत गुप्त राही. कारण उघड आहे. एकच उत्तरपत्रिका पुन्हां पुन्हां तपासून मिळाली, तर विषय न समजतांही विद्यार्थी गुण वाढवूं शकतो. शाळेंत आयुष्य घालविलेल्या कोणासही ही सावधगिरी पटेल. शेवटीं सन २००९ मध्यें 'बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस' या संघानें चूक ०.९५२५ वरून ०.८५६७ वर आणली, म्हणजे शेंकडा १०.०६ सुधारणा केली. 'दि एन्सेंबल' या दुसऱ्या संघाची सुधारणाही तितकीच भरली. पण त्याचें उत्तर वीस मिनिटें मागाहून आलें होतें, म्हणून बक्षीस पहिल्यास मिळालें.

४. नोंदीचे दोष

या सर्व परीक्षेचें गृहीत असें कीं, झांकून ठेविलेला गुण हा सत्य आहे. तो खरोखरच सत्य आहे काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांनींच या शास्त्राची प्रौढी वाढविली असें आमचें मत आहे. त्यांनीं दाखविलेले दोष चार प्रकारांत मांडतां येतात.

पहिला दोष वक्त्याच्या अस्थिरतेचा. एकाच मनुष्यास तोच चित्रपट कांहीं काळानें पुन्हां दाखवून गुण विचारले तर ते पूर्वींच्या गुणांशीं नेहमीं जुळत नाहींत. सन १९९५ मध्यें हिल प्रभृतींनीं असें दुबार गुण घेऊन पाहिलें होतें. मनुष्य स्वतःशींच जेवढा विसंगत, तेवढी चूक कोणत्याही यंत्रास टाळतां येणार नाहीं. सन २००४ मध्यें हर्लोकर, कॉन्स्टन, टर्वीन व रीडल यांनीं परीक्षापद्धतींवर जो विस्तृत निबंध लिहिला, त्यांत अशा अलंघ्य मर्यादेचा विचार आहे. अपूर्णांकांच्या चौथ्या स्थानासाठीं झटणाऱ्यांस हें भान नेहमीं राहिलें नाहीं.

दुसरा दोष पाठसंकराचा. लेखक एका प्रतीवरून नक्कल करीत असतां शेजारच्या दुसऱ्या प्रतीचा पाठ त्यांत शिरतो, हें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीशीं परिचय असलेल्यांस सांगणें नको. सन १९३३ मध्यें आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत डॉ. सुकठणकर यांनीं या संकरामुळें पाठनिर्णय किती बिकट होतो हें दाखविलें आहे. शिफारस-प्रणालींत अगदीं हेंच घडतें. सन २००३ मध्यें कॉस्ली प्रभृतींनीं असा प्रयोग केला कीं, गुण विचारतांना यंत्राचें भाकीत प्रेक्षकास आधींच दाखवावयाचें, व कांहीं वेळां तें मुद्दाम चुकीचें दाखवावयाचें. प्रेक्षकांचे गुण दाखविलेल्या भाकिताकडे झुकले. म्हणजे यंत्राचें बोलणेंच नोंदींत शिरलें, आणि त्या नोंदीवरून पुढें यंत्राची परीक्षा व्हावयाची! साक्षीदारास न्यायाधीशानें पढवावें आणि मग त्याची साक्ष ग्राह्य धरावी, तसा हा अन्योन्याश्रय आहे.

तिसरा दोष मौनाचा. मनुष्य सर्वच वस्तूंस गुण देत नाहीं. बहुधा जी आवडेल असें वाटतें तीच तो निवडतो, आणि निवडलेल्या वस्तूसच गुण देतो. तेव्हां रिकाम्या जागा यदृच्छेनें रिकाम्या नसतात. सन २००७ मध्यें मार्लिन प्रभृतींनीं याहू कंपनीच्या संगीतसेवेच्या सामग्रीवरून हें सिद्ध केलें. ५,४०० श्रोत्यांस प्रत्येकीं दहा गाणीं सोडतीनें निवडून ऐकविलीं व गुण विचारले. स्वतः निवडलेल्या गाण्यांस श्रोते जे गुण देत त्यांहून हे गुण फार निराळे निघाले. सोडतीच्या गाण्यांत कमी गुण मिळालेलीं पुष्कळ होतीं. दप्तरांत जें नाहीं तें घडलेंच नाहीं असें मानणारा इतिहासकार याच हेत्वाभासांत सांपडतो.

चौथा दोष काळाचा. नेटफ्लिक्सच्या सामग्रींत सन २००४ च्या आरंभीं सरासरी गुण एकाएकीं वाढलेले दिसतात. विजयी संघांतील कोरेन यानें सन २००९ मध्यें हें दाखवून दिलें व त्याचीं संभाव्य कारणें चर्चिलीं. चित्रपट एका रात्रींत सुधारले असें कोणी म्हणणार नाहीं. विचारण्याची पद्धति किंवा गुणांचा अर्थ बदलला असावा, हेंच संभवतें. कुळाकडील आकारणी एका वर्षीं वाढलेली दिसली तर पीक वाढलें कीं माप बदललें, हा प्रश्न आपण आधीं विचारतों, तोच येथेंही विचारावा लागला.

५. पारितोषिकानंतर

इतक्या श्रमानें मिळविलेला विजय व्यवहारांत कितपत उतरला? सन २०१२ मध्यें कंपनीच्या संशोधकांनीं स्वतःच सांगितलें कीं, स्पर्धेच्या पहिल्या वर्षींच्या दोन युक्ति त्यांनीं वापरांत घेतल्या, परंतु अंतिम विजयी मिश्रण घेतलें नाहीं. शेंकडों युक्तींचें तें मिश्रण चालविण्याचा खटाटोप मिळणाऱ्या लाभाच्या मानानें फार होता. शिवाय सन २००७ पासून तारेवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ झाल्यामुळें मूळ प्रश्नच पालटला होता. कोणास किती गुण सुचतील यापेक्षां आज रात्रीं तो काय पाहील, हें महत्त्वाचें झालें होतें. प्रश्न नेमका मोजतां येतो म्हणून तोच योग्य प्रश्न ठरत नाहीं, हा यांतील बोध.

याहून गंभीर निर्णय सन २०१९ मध्यें लागला. फेरारी दाक्रेमा, क्रेमोनेसी व यानाख या तिघांनीं प्रतिष्ठित परिषदांत प्रसिद्ध झालेल्या अठरा नव्या युक्ति पुनःपरीक्षेसाठीं घेतल्या. त्या सर्व न्यूरल नेटवर्क या प्रकारांतील होत्या व प्रत्येकीनें पूर्वसूरींवर मात केल्याचा दावा केला होता. वाजवी प्रयत्नानें त्यांपैकीं अवघ्या सातांचेच निकाल पुन्हां काढतां आले. आणि या सातांपैकीं सहांस जुन्या, साध्या, परंतु नीट जुळवून घेतलेल्या युक्तींनीं पुष्कळदां मागें टाकलें. नवी युक्ति काळजीपूर्वक सजवावयाची व तुलनेसाठीं घेतलेली जुनी मात्र तशीच गबाळी ठेवावयाची, असा हा पक्षपात अनेक वर्षें चालला होता. मूळ प्रत कोठें आहे हें न सांगतां पाठ छापणारा संपादक आणि सामग्री व गणित न दाखवितां निकाल छापणारा संशोधक, हे दोघेही एकाच पंक्तींत बसावयाचे.

६. कचेरीची बखर व कचेरीचें दप्तर

आतां दुसऱ्या शास्त्राकडे वळूं. काम कसें चालतें हें आकृतीनें दाखविण्याची रीत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानें सन १९२१ मध्यें अमेरिकेंतील यंत्रविद्याविशारदांच्या संस्थेपुढें मांडली. पुढें सन १९६२ च्या आपल्या प्रबंधानें कार्ल आडाम पेत्री या जर्मन विद्वानानें या विषयास गणिताचा पाया दिला. त्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जाळ्यांत पटावरील सोंगट्यांप्रमाणें खुणा एका घरांतून दुसऱ्या घरांत सरकतात, आणि दोन कामें एकदम चालूं शकतील कीं नाहीं, एखादें काम मध्येंच अडेल काय, हें तर्कशुद्ध रीतीनें सिद्ध करतां येतें. सन १९९२ मध्यें सारब्र्युकन येथें केलर, न्युट्गेन्स व शेअर यांनीं घटना व कृति यांच्या साखळीची आरेखनपद्धति काढली. सन २००४ मध्यें 'बीपीएमएन' ही चिन्हलिपि निघाली. तिची दुसरी सुधारलेली आवृत्ति सन २०११ मध्यें आली व सन २०१३ मध्यें तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

चिन्हें शुद्ध असलीं तरी आराखडा शुद्ध असतोच असें नाहीं. एसएपी या जर्मन कंपनीच्या आदर्श आराखड्यांच्या संग्रहांत ६०४ आकृत्या होत्या. सन २००६ मध्यें मेंडलिंग प्रभृतींनीं त्या यंत्राकडून तपासून घेतल्या, तेव्हां निदान ३४ आकृत्यांत, म्हणजे शेंकडा ५.६ मध्यें, तर्कदोष आढळला. आदर्श म्हणून जिच्यावरून इतरांनीं नकला कराव्या त्या मातृकेंतच हे प्रमाद होते.

परंतु याहून मूलगामी प्रश्न निराळा आहे. असे आराखडे बनत कसे? अधिकाऱ्यांस व कारकुनांस विचारून. विचारल्यावर मनुष्य काम जसें चालावें तसें सांगतो. जसें चालतें तसें सांगेलच असें नाहीं. म्हणजे हे आराखडे कचेरीच्या बखरी होत. अस्सल दप्तर म्हणजे संगणकांत आपोआप उमटलेल्या नोंदी : अमुक प्रकरण, अमुक कृति, अमुक वेळ. या नोंदींवरूनच आराखडा काढावा, हा विचार सन १९९८ मध्यें एकीकडे कुक व वुल्फ आणि दुसरीकडे अग्रवाल, गुनोपुलोस व लाइमान यांनीं मांडला. सन २००४ मध्यें आइंडहोवेन येथील व्हान डर आल्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं 'आल्फा' नांवाची रीत प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व सोपें आहे. नोंदींत क नंतर लगेच ख येतो, पण ख नंतर लगेच क कधींच येत नाहीं, तर क हें ख चें पूर्वांग. दोन्ही क्रम आढळले तर तीं कामें परस्परनिरपेक्ष. अशा लहान लहान निर्णयांतून सर्व जाळें विणावयाचें. या विद्येस 'प्रोसेस मायनिंग' म्हणतात.

अशा रीतीनें काढलेला आराखडा बरा कीं वाईट हें ठरविण्याच्या चार कसोट्या या शास्त्रांत मानल्या आहेत. न्यायशास्त्राच्या अभ्यासकास त्या पाहून आश्चर्य वाटल्यावांचून राहणार नाहीं. लक्षणाचे दोष आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. गाईचें लक्षण 'कपिल वर्ण' असें केलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. 'शिंगें असणें' असें केलें तर म्हैस आंत येते, ही अतिव्याप्ति. पहिली कसोटी हीच कीं, नोंदलेला व्यवहार आराखड्यांत बसला पाहिजे. न बसेल तर अव्याप्ति. दुसरी अशी कीं, कधींही न घडणारा व्यवहार आराखड्यानें संमत करूं नये, केल्यास अतिव्याप्ति. फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें मध्यबिंदूपासून कोणतीही कृति कोणत्याही वेळीं होऊं देणारा आराखडा सर्व नोंदींस सामावतो, म्हणूनच तो कांहींच सांगत नाहीं. तिसरी कसोटी लाघवाची : थोडक्यांत भागत असतां गौरव पत्करूं नये. चौथी अशी कीं, कालच्या प्रत्येक प्रकरणाची केवळ यादी म्हणजे आराखडा नव्हे. उद्यांच्या प्रकरणासही तो लागू पडला पाहिजे. या चार कसोट्या एकमेकींस ओढतात; एक साधावयास जावें तर दुसरी सुटते. त्यांचा मेळ घालणें हेंच या विद्येंतील खरें कौशल्य.

दप्तर अस्सल म्हणून निर्दोष नसतें, हेंही या विद्वानांनीं ओळखलें. सन २०११ मध्यें त्यांच्या मंडळानें जो जाहीरनामा काढला त्यांत नोंदींच्या विश्वसनीयतेच्या पांच पायऱ्या केल्या आहेत. हातानें केलेल्या कागदी नोंदींस सर्वांत खालची पायरी दिली आहे, कारण त्यांत कांहीं घटना गळतात व कांहीं न घडलेल्या शिरतात. आपलीं सर्व दप्तरें याच पायरीवर येतात. पण त्याचा विषाद मानण्याचें कारण नाहीं, कारण त्या पायरीवर काम करण्याचा अनुभव आपल्याइतका त्यांस नाहीं. सन २०१७ मध्यें सुरियाडी प्रभृतींनीं संगणकीय नोंदींतील दोषांचे अकरा प्रकार सांगितले. ते वाचतांना आपण मोडी कागदांचेंच वर्णन वाचीत आहों असा भास होतो. एकाच तक्त्यांत भरलेल्या अनेक कृतींवर एकच वेळ पडते. महिन्याची रोजकीर्द एका बैठकीस लिहून काढल्यावर हेंच होतें. निरनिराळ्या रीतींनीं लिहिलेल्या तारखा एकत्र आल्यावर पूर्वापर क्रम बिघडतो. शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली व शुहूर यांची गल्लत ज्यानें सोडविली आहे त्यास हें नवें नाहीं. एकाच कृतीस अनेक नांवें, अनेक कृतींस एकच नांव, आणि लेखनप्रमादानें विकृत झालेलें नांव, हे तर पाठचिकित्सेचे जुने सोबती. असे दोष न काढतां यंत्रास नोंदी घातल्या, तर यंत्र तत्परतेनें आराखडा काढून देतें, पण तो जी कचेरी कधीं नव्हतीच अशा कचेरीचा असतो.

सन २००८ मध्यें आइंडहोवेन येथील मंडळींनींच हीं दोन शास्त्रें एकत्र जोडून दाखविलीं : पूर्वींच्या प्रकरणांच्या नोंदी पाहून चालूं प्रकरणांत पुढची पायरी कोणती घ्यावी, याची शिफारस यंत्रानें करावयाची. म्हणजे चित्रपटाच्या जागीं आतां कारकुनाचें पुढचें पाऊल आलें. नोंदींत जे दोष असतील ते येथें केवळ मनोरंजनाचे राहत नाहींत. एखाद्याचा अर्ज मंजूर होणें न होणें त्यांवर अवलंबूं लागतें.

७. नोंदींतील मनुष्य

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. नेटफ्लिक्सनें गुण प्रसिद्ध करतांना ग्राहकांचीं नांवें काढून टाकलीं होतीं, व तेवढ्यानें त्यांची ओळख पुसली असें मानलें होतें. सन २००८ मध्यें टेक्सस विद्यापीठांतील नारायणन व श्माटिकोव्ह यांनीं हें मत खोडून काढलें. एखाद्या ग्राहकानें दिलेले आठ गुण ठाऊक असले, त्यांपैकीं दोन अजीबात चुकीचे असले आणि तारखांत चौदा दिवसांपर्यंत फरक असला, तरी शेंकडा ९९ नोंदी एकमेव म्हणून ओळखूं येतात, असें त्यांनीं दाखविलें. दुसऱ्या एका उघड संग्रहांत त्याच मनुष्यानें स्वनामानें मत दिलें असेल, तर दोन्ही ताडून त्याचें नांव निघतें. सन २००९ च्या अखेरीस यावरून कंपनीवर फिर्याद झाली, आणि सन २०१० च्या मार्च महिन्यांत तिनें योजिलेली दुसरी स्पर्धा सोडून दिली.

अनामिक लेखकाचा शोध आपणही असाच लावतों : अक्षराचें वळण, तिथि, स्थळ, व दुसऱ्या कागदाशीं मेळ. तेथें ती विद्या कौतुकास्पद ठरते, कारण तो लेखक दोनशें वर्षांपूर्वीं कालवश झालेला असतो. जिवंत मनुष्याच्या बाबतींत तीच विद्या त्याचा विश्वासघात करूं शकते. दप्तर खुलें असावें आणि दप्तरांतील मनुष्य सुरक्षित असावा, या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. पण नांव खोडल्यानें त्या दोन्ही पुऱ्या होतात हा समज आतां कोणीं बाळगूं नये.

८. निष्कर्ष

या विवेचनावरून निघणारे निष्कर्ष असे :

(१) नोंद हें घटनेचें प्रतिबिंब नव्हे, ती स्वतःच एक घटना आहे. ती कोणीं, केव्हां, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल केली, हें कळल्यावांचून तिच्यावरून अनुमान करूं नये.

(२) जें नोंदलेलें नाहीं त्याच्या अभावाचें कारण शोधिलें पाहिजे. मौन हें यदृच्छेचें क्वचितच असतें.

(३) ज्या पाठावर परीक्षा व्हावयाची तो परीक्षार्थ्याच्या बोलण्यानें दूषित झालेला नसावा.

(४) नव्या रीतीची तुलना जुन्या रीतीच्या उत्तम रूपाशीं करावी, आणि सामग्री व कृति दोन्ही इतरांस तपासण्यासाठीं ठेवावी.

(५) नोंदींतील जिवंत मनुष्याचें हित हा संशोधनपद्धतीचाच भाग आहे.

शेवटीं पोथीसंग्राहकांस एक विनंति. शिफारस-प्रणालीस नव्या, कोणींही न हाताळलेल्या वस्तूविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं, ही तिची जन्मजात उणीव असून तिला त्या शास्त्रांत 'कोल्ड स्टार्ट' असें नांव आहे. जें पुष्कळांनीं पाहिलें तें ती आणखी पुष्कळांस दाखविते. हीच युक्ति आपल्या हस्तलिखितांच्या याद्यांस जोडली गेली, तर ज्ञानेश्वरीच्या प्रती सर्वांच्या पुढें येतील, आणि कोणा खेड्यांतील भिक्षुकाच्या घरून आलेली, अद्याप न उघडलेली ज्योतिषाची किंवा वैद्यकाची पोथी यादीच्या तळाशीं पडून राहील. न वाचली म्हणून ती दाखविली जाणार नाहीं, आणि न दाखविली म्हणून ती वाचली जाणार नाहीं. यावर उपाय मनुष्याच्याच हातीं आहे. प्रत्येक पोथीची नोंद करतांना केवळ नांव व पृष्ठसंख्या न लिहितां विषय, कर्ता, लेखनकाल, लेखनस्थळ, आरंभ व शेवट, पूर्वींच्या धन्याचा उल्लेख आणि नोंद करणाराचें नांव व तारीख हीं लिहून ठेवावीं. वाचकांच्या गर्दीवांचूनही जिच्या आधारें पोथी सांपडूं शकेल अशी ती एकच खूण आहे. आज एका पोथीमागें अर्धी घटका अधिक खर्ची घातली, तर ती पोथी पुढच्या पिढीच्या अभ्यासकापर्यंत पोंचण्याची वाट मोकळी राहील.